नोजरायडर घडवून घेताना नोजच्या आधी टेलचं बोला

तुमचा प्रश्न इतरांच्याही कामाचा आहे, म्हणून आधी तो थोडक्यात मांडतो. तुमची उंची ५ फूट ८ इंच, वजन ७४ किलो, राहायला कांदिवलीला. चार वर्षं सर्फिंग करताय. हाताशी ९ फुटी, हलका, तीन फिनांचा (फिन म्हणजे तळाला मागे बसवलेला पंख) तयार लाँगबोर्ड, म्हणजे लांब सर्फबोर्ड, आहे. जमेल तेव्हा कर्नाटकातलं मुल्की, हिवाळ्यात श्रीलंकेतलं वेलिगामा, मधूनच महाबलिपुरम. क्रॉस-स्टेप करत, म्हणजे पायासमोर पाय टाकत, पुढे जाता येतं, पण नोजवर, म्हणजे बोर्डच्या पुढच्या टोकावर, पोचलात की बोर्ड लगेच नाक खुपसतो. आता शेपरकडून, म्हणजे बोर्ड घडवणाऱ्या कारागिराकडून, खास नोजरायडर, म्हणजे नोजवर उभं राहून चालवायचा लाँगबोर्ड, घडवून घ्यायचाय आणि शेपरने विचारलंय, "मापं सांगा." तुमच्या मनात आहे तो १० फुटी, नोजला खोल कॉनकेव्ह (तळाचा खळगा) असलेला आणि प्रवासासाठी वजनाला हलका बोर्ड.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. १० फूट नको, हलका तर अजिबात नको, आणि कॉनकेव्हची खोली शेपरवर सोडा. शेपरशी सगळ्यात जास्त वेळ बोलायचं ते टेलवर, म्हणजे बोर्डच्या मागच्या टोकावर. नोजरायडिंगमध्ये पाय नोजवर असतात, पण तुम्हाला तिथे धरून ठेवते ती टेल.

हे कसं, ते नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय यातूनच निघतात. अख्खं वजन बोर्डच्या पुढच्या टोकावर आहे आणि तरीही टोक बुडत नाही, याला दोन कारणं. एक म्हणजे नोजच्या रुंद तळाखालून पाणी वेगाने जातं आणि तळाला वर ढकलतं. दुसरं कारण मागे आहे, आणि ते जास्त महत्त्वाचं. बोर्ड लाटेच्या खिशात, म्हणजे नुकत्याच फुटणाऱ्या भागाला लागून असेल, तर लाटेवर चढणारं पाणी टेलच्या गोल रेलला (बोर्डच्या कडेला) चिकटून वळतं आणि डेकवर (बोर्डच्या वरच्या बाजूवर) येतं. त्या पाण्याचं वजन टेलवर बसतं. शिवाय वळत जाणारं पाणी टेलला आपल्याकडे ओढून धरतं. स्वयंपाकघरातला चमचा घ्या, दांड्याला हलकेच धरून त्याची फुगीर पाठ नळाच्या धारेला लावा. धार चमच्याला ढकलणार असं वाटतं, पण चमचा उलट धारेत ओढला जातो. टेलचं तेच होतं. मागची बाजू अशी दाबून धरलेली असली की पुढच्या टोकावर उभं राहता येतं.

आता तुमच्या सध्याच्या बोर्डकडे बघा. अशा तयार बोर्डांची टेल बहुधा सपाट असते आणि शेवटच्या फूटभरात रेलची खालची कड धारदार असते. ही धार मुद्दाम ठेवतात, कारण तिथे पाणी झटकन सुटतं आणि बोर्ड वेग घेतो, चटकन वळतो. पण जिथे पाणी सुटतं तिथे ते टेलला धरत नाही. तुम्ही पुढे गेलात की मागे कोणी धरणारंच नाही, त्यामुळे नाक खाली जातं. तुमच्या चालण्यात सुधारणेला जागा असेलच, पण या बोर्डवर कितीही चाललात तरी फार काळ टिकणार नाही.

म्हणून शेपरला पहिली गोष्ट सांगायची ती अशी: टेल रुंद, चौकोनी हवी, शेवटच्या दीड-दोन फुटांत रॉकरला, म्हणजे तळाच्या लांबीतल्या वाकाला, स्पष्ट उचल हवी, आणि रेल नोजपासून जवळपास टेलपर्यंत गोल, मऊ हवी. काही शेपर अगदी शेवटच्या काही इंचांत किंचित धार ठेवतात, म्हणजे बोर्ड पूर्ण मंदावत नाही. ते चालेल. टेलच्या या उचलीचा आणखी एक फायदा आहे. नोजराइडची सुरुवात नोजवर होत नाही, ती मागे टेलवर पाय दाबून घेतलेल्या टर्नने होते. बोर्ड वळवायचा, जरा थोपवायचा, लाटेला जवळ येऊ द्यायचं, बोर्ड फेसवर, म्हणजे लाटेच्या न फुटलेल्या उतारावर, उंच ओळीला लावायचा आणि मग चालायला निघायचं. उचललेली रुंद टेल अशी जागच्या जागी फिरते. सपाट टेलला त्यासाठी लांब वळसा घ्यावा लागतो आणि तोवर खिसा मागे पडतो.

कागदावरचे आकडे बघून हे कळत नाही, डोळ्यांनी आणि हातांनी कळतं. एखाद्या कॅम्पवर किंवा मित्राकडे चांगला नोजरायडर असेल तर तो दोन स्टुलांवर पालथा ठेवा. गवंडी वापरतात तशी ॲल्युमिनियमची सरळ पट्टी तळाच्या मधोमध, स्ट्रिंगरवर (बोर्डमधल्या लाकडी पट्टीवर) ठेवा. टेलकडे पट्टी आणि तळ यांच्यात फट कुठून सुरू होते आणि टोकाला किती होते ते बघा. मग हेच तुमच्या बोर्डवर करा. नोजरायडरची फट शेवटच्या भागात एकदम मोठी होते. नंतर अंगठा वर आणि बोटं खाली अशी रेल मुठीत धरून नोजपासून टेलपर्यंत हात सरकवत न्या. चांगल्या नोजरायडरची रेल हाताला कुठेही बोचत नाही आणि फुगवटा साधारण मध्यावर असतो, वर जेवढा तेवढाच खाली. शेपर याला फिफ्टी-फिफ्टी रेल म्हणतात. हा फरक एकदा हाताला कळला की शेपरशी तुमचं बोलणंच बदलेल.

आता नोज. नोजची रुंदी टोकापासून १२ इंचांवर मोजतात. नोजरायडरला ती १८ ते १९ इंच असते. तुमच्यासाठी १८ च्या जरा वर पुरे. कॉनकेव्ह म्हणजे नोजच्या तळाला दिलेला उथळ खळगा. तो दोन-अडीच फूट मागे जाऊन तळात विरतो. खोली पाव इंचाच्या आसपास असली तरी परिणाम जाणवतो. खळगा खोल केला की उचल वाढते हे खरं, पण बोर्ड पाणी ढकलू लागतो, वेग जातो आणि वाऱ्याने चुरचुरलेल्या पाण्यावर नोज थडथडतं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दुपारचा वारा नेहमीचाच, तिथे खोल कॉनकेव्ह त्रास देतो. अजिबात कॉनकेव्ह नसलेले जुन्या धाटणीचे बोर्डही नोजवर सुरेख चालतात, ते टेलच्या जोरावर. त्यामुळे या बाबतीत हट्ट धरू नका.

नोजचा रॉकर मात्र तुमच्या लाटेवरून ठरवा. सपाट नोज पाण्यावर छान बसतं, पण लाट उभी असेल तर टेक-ऑफलाच, म्हणजे लाट पकडून उठतानाच, खुपसतं. वेलिगामाची लाट संथ, लांब उताराची. तिथे सपाट नोज चालेल. मुल्कीला शांभवी नदीच्या मुखाजवळची लाट वाळूवर फुटते, वाळू सरकली की तिचा आकारही बदलतो, आणि भरती-ओहोटीच्या काही वेळांना ती एकदम उभी राहते. महाबलिपुरमला मंदिराजवळच्या पॉइंटवर उजवीकडे सरकत जाणारी लाट मिळते. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला ती समोर घेऊन चालता येतं, त्यामुळे नोजरायडिंगसाठी तुमच्या यादीतली सगळ्यात योग्य लाट तीच. पण वर्षातल्या सगळ्यात जास्त लाटा तुम्ही मुल्कीला घेत असाल तर बोर्ड मुल्कीसाठी घडवा, म्हणजे नोजला थोडा जास्त रॉकर ठेवायला सांगा. बहुतेक जण स्वप्नातल्या लाटेसाठी बोर्ड घडवतात आणि तो वर्षभर दुसऱ्याच लाटेवर चालवतात. मला हे फार खटकतं, कारण शेपरची मेहनत आणि तुमचे पैसे दोन्ही त्यात वाया जातात.

मुंबईच्या लाटेसाठी बोर्ड घडवण्याचा विचार असेल तर तो सोडा. इथे उधाणाच्या भरतीला पाणी साडेचार मीटरच्या वर जातं आणि ओहोटीला लांबवर मागे सरतं. जुहू-वर्सोव्याच्या मंद उतारावर लाट एका जागी टिकून फुटत नाही. एरवी समुद्र बहुधा निपचित, आणि पावसाळ्यात लाट येते तेव्हा ती वाऱ्याने विस्कटलेली असते. आक्सासारख्या ठिकाणी तर ओढही जीवघेणी आहे. नोजरायडर घेऊन पावसाळ्यात तिथे उतरू नका.

लांबीबद्दल बोलू. तुमच्या उंची-वजनाला ९ फूट ४ ते ९ फूट ६ इंच योग्य. रुंदी २२ पूर्णांक तीन चतुर्थांश ते २३ इंच, जाडी ३ इंचांच्या आसपास. १० फुटांचा बोर्ड पाण्यावर छान सरकतो, लाट लवकर पकडतो, पण नोजपर्यंत एखादं पाऊल जास्त टाकावं लागतं आणि आपल्याकडच्या आखूड लाटेवर तेवढा वेळ मिळत नाही. उभ्या लाटेच्या वळणात लांब, सरळ बोर्ड बसतही नाही. मी तुमच्या जागी असतो तर ९ फूट ५ इंच सांगितला असता आणि आकार बऱ्यापैकी समांतर कडांचा, सगळ्यात रुंद भाग मध्याच्या किंचित मागे.

इथे शेपर एक प्रश्न विचारेल, किंवा त्याने विचारायला हवा: फक्त नोजरायडर हवा की सगळं करणारा लाँगबोर्ड? या दोन वाटा जुन्या आहेत. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्हेंचुराला टॉम मोरे याने, ज्याने पुढे बूगी बोर्ड काढला त्यानेच, नोजरायडिंगची स्पर्धा भरवली. त्यात नोजवर कोण किती वेळ उभा राहतो हे घड्याळ लावून मोजलं. लगेच पुढच्या वर्षी सॅन डिएगोच्या जागतिक स्पर्धेत नोजरायडिंगचा बादशहा डेव्हिड नुहीवा याच्याकडे सगळ्यांचे डोळे लागले होते, पण जिंकला ऑस्ट्रेलियाचा नॅट यंग, तोही ९ फूट ४ इंचांच्या पातळ बोर्डवर लाटेभर टर्न घेत. नोजवर टिकणारा बोर्ड आणि वळणारा बोर्ड यांची ओढाताण तेव्हापासून आहे आणि भौतिकशास्त्र काही बदललेलं नाही. गोल रेल, जड बांधणी, उचललेली टेल घेतलीत की वेग आणि चपळता सोडावी लागते. तुमच्याकडे वळणारा ९ फुटी बोर्ड आहेच. तो विकू नका आणि नवा बोर्ड निव्वळ नोजरायडर घ्या. दोन्हींच्या मधला घेतलात तर वर्षभरात तिसऱ्याचा विचार सुरू होईल.

वजनाबद्दल तुमचा मुद्दा मला समजतो, मुंबईहून प्रवास करायचा म्हणजे हलका बरा. पण नोजराइड करताना बोर्डला स्वतःचा रेटा लागतो. जड बोर्ड एकदा ओळीला लागला की वाऱ्याच्या चुरचुरीवरून शांत जातो, पावलागणिक डगमगत नाही. हलका बोर्ड प्रत्येक पावलाला हलतो. म्हणून पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू फोमचा, लाकडी स्ट्रिंगरचा ब्लँक (बोर्डचा कच्चा गाभा) घ्या. ग्लासिंग, म्हणजे त्यावर चढवायचं फायबरग्लासचं आवरण: डेकवर ६ औंस कापडाचे दोन थर, तळाला ६ औंसचा एक. व्होलान कापडाची हिरवट झाक आवडत असेल तर तेही उत्तम, जड आणि टिकाऊ. बोर्ड ८ किलोंच्या आसपास जाईल. पाण्यात ते वजन तुमच्या कामाचं आहे, आणि पाण्याबाहेर ते दुसऱ्यासाठी धोक्याचं. गर्दीच्या वेलिगामात सुटलेला असा बोर्ड कुणाचं तोंड फोडू शकतो, त्यामुळे लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) बोर्डच्या लांबीइतकी, ९ ते १० फुटी घ्या आणि पोटरीला बांधायची घ्या. घोट्याची लीश चालताना पायात येते.

पीयूचा आणखी एक फायदा आपल्या किनाऱ्यावर फार मोठा आहे. कोळीवाड्यांत फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे कारागीर असतात. त्यांच्याकडे पॉलिएस्टर रेझिन आणि कापड असतं, हातही चांगला असतो. पीयू बोर्डला चीर गेली तर त्यांच्याकडून तात्पुरती डागडुजी नीट होते, फक्त आतलं पाणी पूर्ण निचरून बोर्ड चांगला वाळू द्यायचा. ईपीएसचा, म्हणजे थर्मोकोलसारख्या हलक्या फोमचा, बोर्ड मात्र त्यांच्याकडे चुकूनही नेऊ नका. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन ईपीएसला विरघळवतं, हाताएवढा खड्डा बघता बघता होतो. त्याला इपॉक्सीच लागतं. तुमचा ९ फुटी बोर्ड हलका आहे त्या अर्थी तो बहुधा ईपीएसचाच, तेव्हा हे त्याच्यासाठीही लक्षात ठेवा.

ऊन हा दोन्हींचा शत्रू. मे महिन्यात बंद गाडीत किंवा गच्चीवर ठेवलेल्या बोर्डचं ग्लास फोमपासून सुटून फुगतं. चंदेरी कव्हर घ्या आणि बोर्ड सावलीत भिंतीवर आडवा ठेवा.

फिन एकच, उभी, रुंद टोकाची, जिला पिव्होट फिन म्हणतात ती. बोर्डच्या फुटामागे एक इंच हा ढोबळ हिशेब, म्हणजे तुम्हाला साडेनऊ ते पावणेदहा इंच. बाजूच्या छोट्या फिना नकोत. आणि फिन फायबरग्लासने पक्की बसवू नका, कितीही देखणी दिसली तरी. प्रवासात पहिली तीच मोडते. साडेदहा इंची फिन बॉक्स (फिन स्क्रूने बसवायची खाच) बसवून घ्या. स्क्रू आणि चकतीचे एक-दोन जास्तीचे जोड पिशवीत असू द्या, किनाऱ्यावर ते वाळूत पडले की सापडत नाहीत.

आता घरचा मुद्दा, जो शेपर विचारणार नाही. ९ फूट ६ इंच म्हणजे २९० सेंटीमीटर. सोसायटीच्या साध्या लिफ्टमध्ये तो तिरका धरूनही सहसा मावत नाही, म्हणजे जिना. जिन्याच्या वळणावर तो फिरतो का, हे एवढ्या लांबीचा प्लास्टिकचा पाइप नेऊन आधीच बघा. मंगळूरच्या गाडीत तो बर्थखाली जाणार नाही, पार्सलच्या डब्यात बुक करावा लागेल आणि तिथे त्यावर काय रचलं जाईल ते तुमच्या हातात नाही. विमानाचं म्हणाल तर पिशवीसकट तो ३ मीटरला टेकतो आणि काही कंपन्यांची मर्यादा त्याच्या आतच असते. ऑर्डर देण्याआधी तुम्ही नेहमी जाता त्या कंपनीला लेखी विचारा. मर्यादा थोडक्यात हुकत असेल तर ९ फूट २ इंचांपर्यंत खाली या आणि गेलेली लांबी रुंदीत भरून काढायला शेपरला सांगा. तुमच्या वजनाला तेही चालतं. सगळ्यात चांगलं म्हणजे बोर्ड मुल्कीच्या ओळखीच्या कॅम्पवर ठेवण्याची सोय करा आणि श्रीलंकेत तिथला भाड्याचा बोर्ड वापरा.

राहिलं शेपरशी बोलणं. त्याने मापं विचारली म्हणून मापांची यादी देऊन मोकळे होऊ नका. लांबी आणि कमाल रुंदी सांगा. रॉकर, रेल, फोमची वाटणी यांचे नेमके आकडे त्याच्यावर सोडा. त्याऐवजी किनाऱ्यावरून कुणाकडून तरी तुमचे व्हिडिओ काढून घ्या. लाटेवर उठण्यापासून पडण्यापर्यंत पूर्ण, न कापलेले. चांगल्या लाटांचेच नकोत, नाक खुपसलं तेही हवेत. तुम्ही मागचा पाय कुठे ठेवून वळता, किती पावलांत पुढे जाता, लाटेपासून किती लांब असताना चालायला लागता, हे शेपरला त्यात दिसतं. सध्याच्या बोर्डचं काय आवडतं तेही सांगा. लोक फक्त तक्रारी सांगतात. मग त्याला विचारा की तो स्वतः लाँगबोर्ड चालवतो का आणि त्याच्या नोजरायडरची टेल त्याच्याच इतर बोर्डांपेक्षा कशी वेगळी असते. या प्रश्नावर जो खुलतो, हातवारे करून दाखवू लागतो, त्याच्याकडे काम द्या. जो फक्त लिटर (बोर्डचं आकारमान) किती हवेत एवढंच विचारतो, तो शॉर्टबोर्ड उत्तम करत असेल, पण तुमच्या कामाचा नाही. मशीनने कापलेला बोर्ड कमी दर्जाचा असंही समजू नका. शेवटचा हात शेपरचाच असतो, आणि फाइल जपून ठेवली तर पुढचा बोर्ड याच्यात नेमका बदल करून बनवता येतो. सगळं ठरलं की मापं, ग्लासिंग, फिन बॉक्सची टेलपासूनची जागा आणि रंग एका कागदावर लिहून दोघांकडे ठेवा. परदेशातून मागवणार असाल तर वाहतूक आणि सीमाशुल्क धरूनच किमतीची तुलना करा.

बोर्ड हातात आला की पहिले काही दिवस नोजकडे धाव घेऊ नका. फिन बॉक्सच्या मध्यावर ठेवा आणि फक्त मागून टर्न घेऊन उंच ओळीला लावायचा सराव करा. टेल पाण्यात बसल्याचं तळपायाला जाणवतं, बोर्ड किंचित थोपतो आणि स्थिर होतो. त्या क्षणी चाला. नोजवर असताना टेल बाजूला घसरत असेल तर फिन अर्धा इंच मागे घ्या. वळायला जड वाटत असेल तर अर्धा इंच पुढे. एका वेळी एवढाच बदल करा आणि प्रत्येक जागेवर पुरेशा लाटा घ्या. इतकं करूनही नाक खुपसत राहिलं तर त्याचे व्हिडिओ शेपरला पाठवा, आणि मलाही पाठवा. टेलच्या मागे पाणी कुठून उसळतंय ते बघून दोष बोर्डचा, फिनचा की चालायच्या वेळेचा हे बऱ्याचदा सांगता येतं.